पेन्शन राखणारा बुडव्या नव्हे

घेतलेलं कर्ज फेडायचं असतं, यावर कुणाचं दुमत नाही, माझंही नाही. माझा वाद आहे तो या वाक्याला हळूच चिकटवल्या जाणाऱ्या पुढच्या वाक्याशी. नंदुरबारच्या कोर्टाच्या आवारात, शहाद्यातल्या पतसंस्थांच्या काउंटरवर, नवापूर-तळोद्याकडच्या ओट्यांवर ते सारख्याच ठसक्यात ऐकू येतं : “पीएफ मिळाला ना काका? मग टाका भरून आणि व्हा मोकळे. अब्रूपुढे पैशाचं काय घेऊन बसलात!”

हे एकटा वसुलीवालाच म्हणतो असं नाही. जावई म्हणतो, शाळेतले जुने सहकारी म्हणतात, गावातला चार बुकं शिकलेला माणूसही म्हणतो, आणि भल्यासाठीच म्हणतो. म्हणूनच या सल्ल्याचा समाचार घ्यायला हवा. वसुलीवाल्याला पगारच त्यासाठी मिळतो, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा नाही. पण नोकरी संपलेल्या आपल्याच माणसाला आपण उरलेल्या आयुष्याची तरतूद दारात आलेल्याच्या हातावर ठेवायला सांगतो, तेव्हा कायद्याने त्याला जे दिलं आहे ते आपणच काढून घेत असतो.

कायद्याने काय दिलं आहे ते आधी पाहू. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. कोर्टाचा हुकूमनामा झाला, दरखास्त दाखल झाली, बेलीफ दारात आला, तरीही कर्जदाराच्या कोणत्या गोष्टींना हात लावायचा नाही, याची यादी तिच्या ६० व्या कलमात आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची औतं-अवजारं, पोट भरण्यासाठी लागणारी गुरं आणि बियाणं. शेतकऱ्याचं, मजुराचं राहतं घर. रीतीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने. आणि याच यादीत, त्याच दर्जाने, सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा दुसऱ्या कुठल्याही मालकाकडून मिळणारं निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि आयुर्विम्याची रक्कम.

हे एकाच कलमावर थांबत नाही. १८७१ च्या पेन्शन कायद्याचं ११ वं कलम सांगतं की केलेल्या नोकरीबद्दल सरकारने दिलेली पेन्शन सावकाराच्या सांगण्यावरून कोर्टाला जप्त करता येत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचे कायदेही आपापल्या रकमेबद्दल तेच सांगतात. पीएफच्या कायद्यात तर आणखी एक पाऊल पुढे टाकलं आहे. खातेदार वारला, तर त्याच्या खात्यातली रक्कम वारसनोंद असलेल्या व्यक्तीची होते आणि मृताने किंवा त्या वारसदाराने आधी केलेल्या कुठल्याही देण्यापासून ती मुक्त असते. नवऱ्याच्या दहाव्याला “पीएफ आला की आमचं आधी” असं बजावून जाणाऱ्याला हे ऐकवायला हवं.

आता या सल्ल्याच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात, ते एकेक करून घेऊ.

पहिला मुद्दा सहीचा. “तुम्हीच सही केली आहे. कागदावर लिहिलंय की पीएफ-ग्रॅच्युइटीतून वसूल करायला माझी हरकत नाही.” असे कागद असतात. कोऱ्या फॉर्मवर, घाईत, कुणीही न वाचता घेतलेले असतात. पण ६० व्या कलमालाच जोडलेलं ६०(१अ) हे पोटकलम सांगतं की या कलमाने दिलेली सूट मी सोडतो असा करार कुणी केला, तर तो करार रद्दबातल. म्हणजे कायद्याने आधीच ओळखलं होतं की गरजू माणूस कशावरही सही करेल, म्हणून त्या सहीला किंमतच ठेवली नाही. पेन्शन कायद्याचं १२ वं कलमही याच चालीचं आहे. अजून हातात न आलेली पेन्शन कुणाच्या नावे करून दिली, तारण ठेवली किंवा विकली, तर तो व्यवहार शून्य. तरी गावोगावी काय चालतं? पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड सावकाराच्या खणात, पिन नंबर त्याच्या वहीत, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात म्हातारा त्याच्याच दारात आपल्याच पैशातले खर्चाला मागायला उभा. याला परतफेड म्हणायला माझी जीभ वळत नाही. जे कोर्टही करू शकत नाही, ते इथे एका खणाने केलेलं असतं. कार्ड बंद करून नवं घेणं, पिन बदलणं हा त्या म्हाताऱ्याचा हक्क आहे आणि त्यात लबाडी काडीचीही नाही.

दुसरा मुद्दा थोडा हुशारीचा. “पेन्शन म्हणून तिला संरक्षण होतं हो, पण आता ती बँकेत जमा झाली, तिची ठेव केली. आता ती साधी ठेव.” हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की निवृत्तीची रक्कम हातात आली, तिची मुदत ठेव केली, तरी तिचं मूळ रूप बदलत नाही आणि संरक्षणही उडत नाही. फक्त ती रक्कम निवृत्तीचीच आहे हे दाखवता आलं पाहिजे. ग्रॅच्युइटीत कापूस विकल्याचे पैसे मिसळले, त्यात भावाचे घातले, त्यातून ट्रॅक्टरचा हप्ता गेला, की कोर्टात माग काढताना वकिलाच्या नाकी नऊ येतात. म्हणून निवृत्तीच्या पैशाचं खातं वेगळं, त्यावरची ठेव वेगळी, मंजुरीचा आदेश आणि पासबुकाची पहिली नोंद एकाच फाइलीत. एवढी शिस्त पाळली तर काउंटरवरच्या हुशारीला जागेवर उत्तर मिळतं.

इथे एक फरक ध्यानात ठेवायचा. पेन्शनवर ज्या बँकेचं कर्ज घेतलं, तिला खात्यातून हप्ता वळता करायची मुभा आपणच दिलेली असते. ती जप्ती नव्हे. तो हप्ता झेपत नसेल तर गप्प बसून उपयोग नाही. अर्ज लिहून मुदत वाढवून मागावी, पोच घ्यावी.

तिसरा मुद्दा जामीनकीचा. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पतपेढ्यांमुळे आपल्याकडे हा प्रकार घरोघरी आहे. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी. सहकाऱ्याला जामीन राहिले, सहकारी थकला, आणि वसुलीवाले त्याचं घर सोडून गुरुजींच्या दारात आले, कारण गुरुजी भिडस्त आणि पगार नियमित. गुरुजी म्हणतात, “आधी त्याच्याकडे जा.” कायद्याने त्यांचं हे म्हणणं टिकत नाही. करार कायद्याच्या १२८ व्या कलमाने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि आधी कर्जदाराची मालमत्ता संपवून मगच जामीनदाराकडे यावं अशी सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच सांगून ठेवलं आहे. जामीन राहण्याआधी गुरुजींनी हे माहीत करून घ्यायला हवं होतं, इतपत टीका रास्त आहे.

पण जबाबदारी कर्जदाराइतकी म्हणजे कर्जदाराइतकीच. कर्जदाराची पेन्शन जिथे जप्त होत नाही, तिथे जामीनदाराची कशी होईल? गुरुजी अजून नोकरीत असतील तर हिशेब असा : समजा पगार ४६,००० रुपये. पहिले १,००० सुरक्षित. उरलेल्या ४५,००० पैकी दोन तृतीयांश, म्हणजे ३०,००० सुरक्षित. कोर्टाच्या हुकमाने जास्तीत जास्त १५,००० कापता येतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिने झाली, की त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा सुटतो. पतपेढीला पगारातून परस्पर कपात करून घेता येते ती सहकार कायद्याच्या ४९ व्या कलमाने, आणि ती सोय पगाराची आहे. गुरुजी निवृत्त झाले की पेन्शन, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी या तिन्ही गोष्टी कुंपणाच्या आत. बाहेर काय राहतं? शहरातला प्लॉट, जादा जमीन, पतसंस्थेतली इतर ठेव, शेअर. त्यावर वसुली जरूर करावी, कोर्टातून करावी. आणि गुरुजींनी जे भरलं, ते मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क गुरुजींनाही आहे. तो किती जण वापरतात? भीड इथेही आडवी येते.

चौथा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो : “असे कायदे दाखवत बसलात तर उद्या गरिबाला कर्ज देणार कोण?” ऐकायला बरोबर वाटतं, पण तारखा जुळत नाहीत. पेन्शन कायदा १८७१ चा, संहिता १९०८ ची. या काळात कर्ज देणं थांबलं का? उलट नोकरदाराला, म्हणजे ज्याची निवृत्तीची रक्कम सर्वांत पक्की राखलेली आहे त्यालाच, सगळे धावत जाऊन कर्ज देतात. देणाऱ्याला हे कुंपण पहिल्या दिवसापासून माहीत असतं. बुडण्याचा धोका धरूनच तो व्याजाचा दर ठरवतो. लहान गटकर्जांवर व्याज २० टक्क्यांच्या वर जातं, आणि का जातं असं विचारलं तर उत्तर मिळतं की तारण नसतं, धोका मोठा असतो. ठीक आहे. मग धोक्याची किंमत दर हप्त्यात घेतली आणि धोका खरा झाल्यावर राखीव पैशालाही हात घातला, तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेतले की नाही?

शिवाय झेपेल तेवढंच कर्ज द्यायची जबाबदारी देणाऱ्याची आहे. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म कर्जांसाठी जी चौकट घातली, तिच्यात वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत, असं म्हटलं आहे. एका घरात चार कंपन्यांची कार्डं सापडतात, तेव्हा चौथ्या कंपनीच्या साहेबाने काय पाहून सही केली, हा प्रश्न त्या घरातल्या बाईला विचारण्याआधी साहेबाला विचारायचा.

इथवर वाचून धडगाव-मोलगीकडचा कुणी म्हणेल, “हे सगळं नोकरदारांचं झालं. आमच्याकडे कुठे पीएफ आणि कुठे ग्रॅच्युइटी?” हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, कायद्याकडेही नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दोन तृतीयांशांहून जास्त लोक आदिवासी. इथल्या म्हातारपणाची तरतूद म्हणजे बैलजोडी, पाच-दहा शेळ्या, आईच्या अंगावरची चांदी, जमिनीचा तुकडा आणि श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार. यातली कामाची बैलजोडी, अवजारं, बियाणं आणि राहतं घर ६० व्या कलमात आहेत. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. पण शेळ्यांना, चांदीला आणि बचत गटातल्या रकमेला असं कुंपण नाही.

तरीही हा जिल्हा हक्काच्या बाबतीत अडाणी आहे असं मानणाऱ्याने शहाद्याचा इतिहास चाळावा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग सुरतवंती यांनी आणि १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने सालदारांची मजुरी आणि हातातून गेलेल्या जमिनी यांवर रान उठवलं. तेव्हाही समोरून उत्तर होतं, अंगठा दिलाय ना, मग संपलं. पुढे महाराष्ट्राचा १९७४ चा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत करायची वाट मोकळी झाली. अडलेल्या माणसाच्या अंगठ्याने त्याचं सगळं जाऊ नये, हे तत्त्व आपल्या मातीत नवं नाही. पेन्शनच्या बाबतीत तेच सांगितलं की मात्र लोकांना बुडवेगिरी आठवते.

आता अब्रूविषयी. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. कोर्टातून जे मिळत नाही, ते मागायला दार वाजवावं लागतं. कागद पक्का असेल तर माणूस दावा लावतो, नोटीस पाठवतो, तारखा घेतो. कागद लंगडा असेल तर तो संध्याकाळी सात-आठला चौघांना घेऊन येतो आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलतो. ऊसतोडीच्या हंगामात घरातली कमावती जोडी कोयता घेऊन बारडोलीकडे गेलेली असते, घरात आजी-आजोबा आणि शाळेतली पोरं. नेमकं तेव्हा मोटारसायकल दारात लागते. “आजी, तुमचा पगार जमा झाला असेल ना?” आजीचा पगार म्हणजे श्रावणबाळचे दीड हजार. कर्ज सुनेचं, गट सुनेचा, सही सुनेची, आणि वसुली सासूच्या पोटातून. अब्रू नेमकी कुणाची जाते आहे इथे?

धमक्यांचंही तसंच. “पोलिसांत देऊ, आत टाकू.” देणं थकणं हा गुन्हा नाही. पैसेच नसलेल्या प्रामाणिक माणसाला केवळ देण्यापायी तुरुंगात टाकणं घटनेला धरून नाही, असं न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं. आणि संहितेच्या ५६ व्या कलमाप्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. गटातल्या प्रत्येक बाईला हे एक वाक्य पाठ हवं. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आलाच नाही, तरच घरी जायचं. इतर कर्जांच्या वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच, असं रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक सांगतं. शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, चारचौघांत पाणउतारा या सगळ्याला बंदी आहे.

तक्रार कुठे करायची, यात लोक चकतात, कारण देणारे तीन जातींचे आणि दारंही तीन. बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक. अशा कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केल्यामुळे तिथे सावकारीचा अर्ज घेऊन जाण्यात अर्थ नाही. पतसंस्था असेल तर सहकार खात्याचं निबंधक कार्यालय. आणि खासगी सावकार असेल तर महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४. परवाना नसताना व्याजाने पैसे लावणं त्यात गुन्हा आहे, आणि सावकारीच्या ओघात गेल्या १५ वर्षांत गेलेली जमीन किंवा घर परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. वकील परवडत नाही ही सबब या जिल्ह्यात चालत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि सगळ्या स्त्रिया उत्पन्न न पाहता मोफत वकिलाला पात्र आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टातच असतं.

माझ्या बाजूला येऊन उभे राहतील अशा एका मंडळींनाही इथेच दूर करतो. “कर्जमाफी होणार आहे, हप्ते भरूच नका” असं सांगत फी गोळा करणारे, आणि “नोटीस आली की सगळं पोराच्या नावावर करून टाका” असं शिकवणारे. सावकाराला हुलकावणी द्यायला केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५३ व्या कलमाने रद्द होऊ शकतं. चेक न वटल्याची नोटीस आली तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे असतात. ती नोटीस उशाखाली ठेवली तर दिवाणी देण्याची फौजदारी केस होते. कायद्याने जे राखलं आहे ते उजळ माथ्याने राखावं, जे राखलेलं नाही ते लपवू नये, आणि कमाईतून जेवढं फिटेल तेवढं पावती घेऊन फेडत राहावं. असं वागणाऱ्याला बुडव्या म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

मागण्या तीनच आहेत, आणि अवघड एकही नाही. प्रत्येक बँकेने आणि पतसंस्थेने निवृत्तीच्या रकमांना असलेलं संरक्षण मराठीत, मोठ्या अक्षरांत, काउंटरसमोर लावावं. जामीनदाराची सही घेण्याआधी १२८ वं कलम त्याला वाचून दाखवावं. श्रावणबाळ आणि निराधार योजनांचे पैसे कुठल्याही कर्जात वळते करता येणार नाहीत, असं राज्याने नियमात एका ओळीत लिहावं. आणि आपल्या ग्रामसभांनी कुणाकडे काही मागत बसू नये. पेसा कायद्याने, म्हणजे १९९६ पासून, अनुसूचित क्षेत्रात आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार गावाच्या हातात दिलेला आहे. गावात कोण किती व्याजाने पैसे लावतो, कुणाची कार्डं कुणाच्या खणात आहेत, याची यादी पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचली, तर अब्रूचा प्रश्न योग्य माणसाच्या दारात जाऊन उभा राहील.